लाळदफ्तराच्या फोडल्या लखोट्याची बखर

श्री. ज्याचे त्याचे कुलदैवत ज्याला त्याला सांभाळो, आणि लिहिणाराचा हात व वाचणाराचे डोळे शेवटपर्यंत शाबूत राहोत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक मास. ते समयी एक राज्य होते, त्याचे नाव पुसू नये, पुसल्यास आम्ही सांगणार नाही. त्या राज्यात तीन वर्षांमागे तुरुंग दाटून गेले होते, एका कोठडीत नऊ नऊ असामी, कूस बदलावयाची तर सर्वांनी मिळून बदलावी ऐसा प्रसंग, तेव्हा श्रीमंतांची मर्जी जाहली की ज्याने गुन्हा केला पण जो मुळात वाईट नव्हे, ऐशास नेकचलनीवर सोडावे, आणि त्याने तीन वर्षे दर पौर्णिमा-अमावास्येस हजेरी द्यावी, आणि वेस ओलांडू नये, आणि वागणुकीत कसूर जाहली तर पुन्हा आत जावे. येथवर सारे ठीक. मग कोतवालांनी अर्ज केला की ऐशा माणसांची लाळही घेऊन ठेवावी. कारण ते दिवसांत ऐसी विद्या निघाली होती की कापसाची काडी माणसाच्या गालाच्या आतून फिरवावी, आणि त्या लाळेत त्याचा सारा मजकूर वाचावा. तो कोण, त्याचा बाप कोण, लेक कोण, घराण्यात कोणते दुखणे चालत आले, सारे. पुढेमागे चोरी-मारामारी जाहली तर ताडून पाहता येईल. हे ऐकोन न्यायाधीश बल्लाळराव, वय तेव्हा वर्षे एकोणऐंशी, कानाने अधू पण बुद्धीने नव्हे, बोलते जाहले की गुन्हा एकट्याने केला, आणि लाळेत तर त्याची लेक येते, भाऊ येतो, न जन्मलेला नातू येतो, त्यांनी कोणाचे काय केले आहे? त्यावर दरबारात दोन दिवस खल जाहला, आणि मग ठरले ते ऐसे की लाळ घ्यावी, पण लखोट्यात बंद करावी, आणि न्यायाधीशांच्या लेखी हुकुमावाचून कोणी फोडू नये, आणि मुदत भरली की त्या माणसाच्या डोळ्यांदेखत जाळावी. लखोटा बंद करण्याचे काम द्वारकाबाई पारखी यांजकडे, त्या ही विद्या शिकलेल्या. बाई बोटांस रबरी मोजे चढवीत आणि पाण्याच्या वाटीत फडके भिजवून त्याने डिंक ओला करीत. आणि लखोटे सांभाळण्याचे दफ्तर निघाले, त्यास लोक लाळदफ्तर म्हणू लागले, आणि त्याचे दफ्तरदार नेमिले यादोपंत.

यादोपंत कामाला वाघ. नऊशे लखोटे, त्यातला कोणता कोणत्या खणात ते डोळे मिटून सांगत, कपाटास तीन कुलुपे, तिन्ही किल्ल्या जानव्याला. खोड एकच. पंतांचा उजवा अंगठा जिभेला लागल्यावाचून काही म्हणून चालत नसे. पान उलटायचे, अंगठा जिभेला. कागद मोजायचे, अंगठा जिभेला. सुईत दोरा ओवायचा तरी आधी दोरा जिभेला आणि मग बोटांत पीळ. द्वारकाबाईंनी त्यांच्या मेजावरही पाण्याची वाटी ठेविली आणि दोनदा बजाविले की पंत, येथे ही खोड बरी नव्हे. पंतांनी वाटीत सोनचाफ्याची फुले ठेविली. लखोटे तर आपण उघडत नाही, वरून हात लावितो, त्यास वाटी कशाला, ऐसा त्यांचा जबाब, आणि तो खोटाही नव्हता.

आता पंतांच्या घरचे. दफ्तराच्या अंगणासमोरच बिऱ्हाड, घरात भागीरथीबाई आणि सात वर्षांची लेक कावेरी, तिला कावी म्हणत. आणि त्याच अंगणात हजेरी होत असे. हजेरीस येणाऱ्यांत एक सटवाजी सुतार. याने बाजारात नाकेदाराशी तंटा करून त्याचे दोन दात पाडिले होते, दारू प्यायला होता हेही खरे, त्याने ते कबूल केले आणि दीड वर्ष तुरुंग भोगिला. हा भागीरथीबाईंच्या माहेरच्या गावचा, भिंतीस भिंत लागून घर, बाईंना सख्खा भाऊ नाही, तेव्हा लहानपणापासून त्या यास सटवादादा म्हणत. दादा म्हणत, हे पंतांनी हजार वेळा ऐकिले. पण दादा म्हटल्याने काय होते, ऐसे पंतांच्या मनाने घेतले ते घेतलेच. हजेरी देऊन सटवाजी ओट्यावर टेके, बाई पाणी देत, आणि तो काही बोले आणि बाई हसत. तोंडाला पदर न लावता हसत. पंत दफ्तराच्या खिडकीतून मोजीत. एका अमावास्येस तीन वेळा, पौर्णिमेस पाच वेळा. त्या रात्री जेवताना पंतांनीही एक विनोद सांगून पाहिला, नऊशे लखोट्यांपैकी एक उलटा लागला होता त्याचा, तर बाईंनी घास खाली ठेवून पुसिले की बरे वाटत नाही काय. पंतांच्या अंगाचा तिळपापड जाहला. मग सटवाजीने त्यांचा डुगडुगणारा पोळपाट नीट करून दिला, आणि बाई म्हणाल्या की पोळी आता कशी गोल येते पाहा, त्या दिवशी पंत अर्धी पोळी टाकून उठले. मग त्याने कावीस शिसवी भोवरा करून दिला, आणि पोरीने दोरी गुंडाळून तो डाव्या हाताने फेकिला, आणि सटवाजी म्हणाला, वा, आपल्यासारखीच डावरी. सटवाजीचा लाकूड तासण्याचा वाकस डाव्या हाताचा, हे साऱ्या पेठेस ठाऊक. पंत खिडकीत होते. त्यांनी आधी पोरीचा हात पाहिला, मग सटवाजीचा.

मग पंत हिशेब करू लागले. कावीचा जन्म पौषातला. त्याच्या आधीच्या चैत्रात हाच सटवाजी पुढच्या दाराची चौकट बसवावयास आला होता, चार दिवस आला होता, आणि चौकट एका दिवसाचे काम. पंतांना ते चार दिवस आठवू लागले, जे त्यांनी पाहिलेच नव्हते तेही आठवू लागले. पोरगी मांडीवर येऊन बसली तर ते तिचे कान पाहू लागले, नखे पाहू लागले, आणि मग तिला उतरवून ठेवू लागले. ती म्हणे बाबा काय पाहता, ते म्हणत काही नाही. ऐसा दिवाळीपर्यंत जीव जळत राहिला. आणि कार्तिक शुद्ध द्वितीयेस बाईंनी पाट मांडिला, भोवती रांगोळी घातली, आणि सटवाजीस बसवून ओवाळिले. त्याने ओवाळणीत स्वतः कोरलेली फणी घातली, बाईंनी ती तेथेच केसांत खोविली. पंतांनी लग्नानंतर बाईंना फणी दिली नव्हती हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आले, आणि त्याचाही राग त्यांनी सटवाजीवरच काढिला. ताट तसेच टाकून ते दफ्तराकडे निघाले.

दफ्तरास दिवाळीची सुटी. भर दुपार, अंगणात चिटपाखरू नाही. पंतांनी तिन्ही कुलुपे काढिली, सटवाजीचा लखोटा घेतला, आणि जो माणूस नऊशे लखोट्यांवर धूळ बसू देत नसे त्याने चाकूची पात डिंकाखाली घातली. तीन वर्षांची काडी, कापूस वाळून भुसभुशीत जाहलेला. त्यातला चिमटीभर तोडिला, तो बोटांत धरेना, सुटा सुटा होई. तेव्हा पंतांनी अंगठा आणि तर्जनी जिभेला लाविली आणि कापसास पीळ दिला, वात वळावी तैसी, एकदा नव्हे, तीनदा. मग ती वात नव्या काडीस गुंडाळिली आणि कोऱ्या लखोट्यात घातली. सटवाजीचा लखोटा पुन्हा चिकटवून खणात ठेविला. मग घरी येऊन कावीस हाक मारिली, म्हणाले, आ कर पाहू, दात पाहतो, आणि दुसरी काडी तिच्या गालात फिरविली. पोरीने मुकाट आ केला. तिचा एक दात खरेच हालत होता. तो पंतांनी पाहिला नाही.

दोन्ही लखोटे परगण्यातला तंटा म्हणून, नावावाचून, नुसत्या आकड्यांनी, द्वारकाबाईंकडे रवाना जाहले. पहिल्या काडीवरचा इसम दुसऱ्या काडीवरील मुलीचा बाप होय की नव्हे, इतकाच सवाल. दहा दिवस पंतांना अन्न गोड लागले नाही. मग उत्तर आले. द्वारकाबाईंनी दोन ओळी लिहिल्या होत्या. पहिली ओळ: पहिल्या काडीच्या कापसावर मुलीच्या बापाची लाळ आहे, संशय नाही. पंत तेथेच थांबले. त्यांनी कागदाची घडी केली, ती कमरेला खोविली, आणि दुसरी ओळ त्यांनी वाचिली नाही. आणि इतक्या दुःखातही, खरे तेच लिहावे, आपण म्हणत होतो तेच निघाले याचे त्यांना थोडे बरेही वाटले.

मग कार्तिकी पौर्णिमा. सटवाजीची तीन वर्षे त्या दिवशी भरली. सकाळच्या उन्हात अंगणात शेगडी पेटविली, बल्लाळराव खुर्चीत विराजमान जाहले, द्वारकाबाई आल्या, पेठेतले शंभरेक लोक जमले. सटवाजी नवे मुंडासे बांधून आला. भागीरथीबाई निरांजनाचे तबक घेऊन पायरीवर उभ्या, शेजारी कावी. कोणी म्हणाले, आणा लखोटा. पंतांनी तो आणिला, आणि शेगडीकडे न नेता छातीशी धरिला, आणि बोलते जाहले की हा जाळता येत नाही, या माणसाने परस्त्रीशी गमन केले, नेकचलनी मोडिली, यास आत घालावे, आणि ऐशांच्या लाळा जन्मभर ठेवाव्या हेच राज्याच्या हिताचे. बल्लाळराव म्हणाले, ऐकू आले नाही. पंत मोठ्याने बोलले. राव म्हणाले, कोणती स्त्री? पंत म्हणाले, माझी. राव म्हणाले, मोठ्याने बोला. तेव्हा पंतांनी आपल्याच बायकोचे नाव आणि आपल्याच लेकीचे नाव घेऊन सारे तिसऱ्यांदा ओरडून सांगितले, ऐसे की पलीकडच्या गल्लीतली माणसे माडीवर आली. भागीरथीबाईंनी तबक पायरीवर ठेविले आणि दोन्ही हातांनी कावीचे कान झाकिले. सटवाजीचा चेहरा पांढराफटक पडला. एका शब्दाने तीन वर्षे पाण्यात जातील आणि तो पुन्हा त्या कोठडीत नववा असामी होईल, हे तेथील पोरासोरांसही कळले.

बल्लाळरावांनी द्वारकाबाईंच्या उत्तराचा कागद मागवून घेतला, डोळ्यांशी धरून वाचिला, घडी करून पंतांस परत दिला, आणि पहिला प्रश्न पुसिला तो हा की लखोटा फोडिला कोणी. तोवर हे कोणाच्या मनात आले नव्हते. पंत गडबडले, म्हणाले, राज्याच्या भल्यासाठी. राव म्हणाले, हुकूम कोणाचा? पंत लखोट्याची उचकटलेली कड अंगठ्याने दाबू लागले. मग राव सटवाजीकडे वळून म्हणाले, "तुझी मुदत आज सूर्योदयास संपली. आता तू मोकळा माणूस. तुझी लाळ पुन्हा घेतली तर खरेखोटे होईल, पण तू नाही म्हणालास तर येथे कोणी तुला हात लावणार नाही."

सटवाजीने नवे मुंडासे उतरवून काखेत धरिले. मग म्हणाला, "तीन वर्षांमागं कुणी इचारलं न्हवतं. आज इचारलंत. माझ्या भैनीच्या अब्रूचं काम हाय, घ्या."

द्वारकाबाईंनी काडी फिरविली आणि आत गेल्या. लोक उन्हात बसोन राहिले, कोणी घरी जाईना. दुपार टळली तेव्हा बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या की सटवाजी या मुलीचा कोणी लागत नाही, लांबचाही नाही. पंत म्हणाले, मग तुम्हीच जे लिहून दिले ते खोटे? आणि त्यांनी ती घडी उलगडिली, अंगठा जिभेला लाविला, आणि कागद उलटू लागले. बाईंनी त्या अंगठ्याकडे पाहिले. मग त्या म्हणाल्या, "पंत, दुसरी ओळ वाचा." पंतांनी वाचिली. तीत होते की याच कापसात तळाशी आणखी एका इसमाची जुनी, फिकी लाळ आहे, ती मुलीच्या बापाची नव्हे. कापूस कोणी हाताळिला याची चौकशी व्हावी. बाई म्हणाल्या, "वरची ताजी लाळ ज्याची, तो बाप. आपण आ कराल काय?"

तेव्हा पंत मागे सरले. म्हणाले, "माझी काय म्हणून? मी काय कैदी आहे? माझ्या घरचे आतले ते चारचौघांत..." आणि तेथे ते थांबले, कारण सारे अंगण त्यांच्याकडे पाहात होते आणि सटवाजीही पाहात होता. बल्लाळराव म्हणाले, आपली इच्छा नसेल तर घेणार नाही, तोच नियम आपणासही. पंतांनी भागीरथीबाईंकडे पाहिले. त्यांनी नजर काढून घेतली नाही. मग पंतांनी तोंड उघडिले.

दिवस कलण्याच्या सुमारास निकाल जाहला. वरची लाळ यादोपंतांची, आणि कावी यादोपंतांची. अंगठ्याची हकीकत लोकांस उमगली तेव्हा अंगणाच्या कडेने हसू फुटले, आणि पंतांना ते ऐकू आले नाही, कारण त्यांना आनंद जाहला होता. लेक आपली! बाकी सारे विसरून ते दोन पायऱ्या चढले आणि हात पुढे करून म्हणाले, "अहो, ऐकलेत का, कावी माझीच निघाली."

भागीरथीबाई म्हणाल्या, "तुम्हांला हे कापसानं सांगितलं. मी सात वर्षं तुमच्या घरात तिला घेऊन बसले होते, ते दिसलं नाही. आणि डावऱ्या हाताचं म्हणाल, तर तुमच्या आई डावऱ्या होत्या. मामंजींनी चटके देऊन तो हात सोडवला. सासूबाईंनीच मला मनगट दाखवलं होतं, तुम्ही कधी पाहिलं नाहीत." इतके बोलून त्यांनी निरांजन पुन्हा लाविले, आणि सटवाजीस ओवाळिले, आणि बल्लाळरावांनी आपल्या हाताने लखोटा शेगडीत टाकिला, नावावाचूनचे दोन्ही लखोटेही टाकिले. कापूस चटकन जळतो, पाहण्यासारखे काही नव्हते. मग पंतांवर हुकूम जाहला. दफ्तरदारी गेली. हुकुमावाचून लखोटा फोडिला सबब तीन वर्षे नेकचलनी, दर पौर्णिमा-अमावास्येस हजेरी, आणि नियमाप्रमाणे लाळ. द्वारकाबाईंनी वाटीतली सोनचाफ्याची वाळकी फुले काढून टाकिली, फडके भिजविले, आणि पंतांचा लखोटा बंद केला. भागीरथीबाई कावीस घेऊन दुसरे दिवशी माहेरी गेल्या. ट्रंक सटवाजीने उचलली, डाव्या खांद्यावर घेतली. पंत खिडकीत उभे होते आणि ज्या माणसास आपण जवळजवळ तुरुंगात घातले त्याचा त्यांना तेव्हाही हेवा वाटला, की त्याच्याकडे ट्रंक दिली.

मग तीन वर्षे गेली. शके एकोणीसशे एकोणपन्नास, प्लवंग नाम संवत्सर, कार्तिकी पौर्णिमा. तेच अंगण, शेगडी तीच, बल्लाळराव आता पंचाऐंशी, दोन्ही कान गेलेले, पण खुर्चीत विराजमान. पंत हजेरीस एकदाही चुकले नव्हते. उजवा अंगठा मुठीत दाबून धरावयाची त्यांना सवय लागली होती. त्यांचा लखोटा आणिला तेव्हा पंतांनी अर्ज पुढे केला, ऐसा अर्ज त्या दफ्तरात पूर्वी आला नव्हता: माझा लखोटा जाळू नये. कारण लिहिले होते की कावेरी माझी लेक आहे हे सांगणारी जगात एवढीच एक वस्तू मजपाशी उरली आहे. बल्लाळरावांनी अर्ज दोनदा वाचिला. मग म्हणाले, "लखोटा तुमचा खरा. पण यातले निम्मे तिचे. तिला पुसावे लागेल."

कावी दहा वर्षांची. आईबरोबर आली होती, पायरीवर उभी होती, उंच जाहली होती. तिला पुढे बोलाविले आणि काय विचारायचे ते द्वारकाबाईंनी समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "तेव्हा दात पाहतो म्हणाले होते. दात हलत होता, तो पाहिलाच नाही." पंत खाली पाहू लागले. ती म्हणाली, "यात मी आहे तर जाळा. मला नाही ठेवायचं." मग पंतांकडे वळून म्हणाली, "बाबा, कागद कशाला हवा? मी आलेय ना."

लखोटा पंतांनीच शेगडीत टाकिला. मग मूठ सोडून तो हात त्यांनी तसाच पुढे धरिला, आणि कावीने तो धरिला, डाव्या हाताने. भागीरथीबाई पायरीवरच उभ्या राहिल्या, खाली आल्या नाहीत. त्यांच्या केसांत तीच फणी होती. ती पंतांनी पाहिली, आणि पोटात दुखले ते दुखलेच.

येणेप्रमाणे वर्तमान घडले, ते ऐकिले तैसे लिहिले. त्या राज्यात पुढे नियम कायम जाहला की मुदत भरल्यावर लाळ एक दिवसही ठेवू नये, आणि लाळेत ज्यांचा ज्यांचा अंश येतो त्यांस पुसल्यावाचून ती वाचू नये. लाळदफ्तरात मेजामेजावर वाटी असते आणि वाटीत पाणी असते. पंत आणि बाई अद्याप वेगळे राहतात. कावी दर पौर्णिमेस बापाकडे जेवते. सटवाजी वेशीबाहेर काम करितो, कोणाचे दात पाडीत नाही. कमीजास्त लिहिले असेल ते आमच्या माथी, खरे असेल ते ज्यांचे त्यांचे. लेखनसीमा.